नगराळे मॅडमच्या दोन पोरी

नगराळे मॅडम माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी पाय बघत. दिग्रसच्या बसस्थानकावर मी पहिल्यांदा उतरले तेव्हा माझ्या एका हातात सुटकेस होती, दुसऱ्या हातात पिशवी. शेवटची पायरी उंच होती म्हणून मी सरळ खाली उडी टाकली. समोरच्या बाकावर एक उंच, सावळ्या बाई बसल्या होत्या. अंगावर सुती साडी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या उठून आल्या, सुटकेस माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "गुडघे कडक ठेवून उतरल्या तुमी. वाकवून उतरत जा. आज काही झालं नाई, पन रोज रोज नाई चालत." मी त्यांच्या शाळेत विज्ञान शिकवायला नव्याने आले होते आणि मुख्याध्यापकांनी मला आणायला त्यांना पाठवलं होतं. माझं नाव, गाव, प्रवास कसा झाला, हे सगळं त्यांनी नंतर ऑटोत बसल्यावर विचारलं.

त्या शाळेच्या खेळाच्या शिक्षिका होत्या. खो-खो, कबड्डी, धावणं, सगळं त्यांच्याकडे होतं, पण जीव होता बास्केटबॉलमध्ये. शाळेच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट आणि त्याला लागून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याची भिंत. कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंतीपलीकडून रुईचे पुंजके उडत येत, कोर्टावर बसत आणि बूट घसरत. म्हणून त्या दिवसांत पोरी सकाळी आधी खराटा हातात घेत, मग चेंडू. मॅडम स्वतः झाडायला पुढे असत. त्यांचे वडील त्याच जिनिंगमध्ये कामाला होते. त्या यंत्रांच्या आवाजात त्या मोठ्या झाल्या होत्या, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच मोठा होता आणि शिट्टीची त्यांना फारशी गरज नसे. नागपूरला कॉलेजात असताना त्या खेळल्या, नाव कमावलं, आणि नोकरी लागली तेव्हा हट्टाने गावाकडे परतल्या. लग्न केलं नाही. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत भाऊ-वहिनींसोबत राहत.

मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण सामन्याच्या वेळी टेबलावर बसून गुण मांडायला त्यांना एक न ओरडणारं माणूस हवं होतं, आणि त्यांनी मला धरलं. मी विज्ञानाची म्हणून मला त्या "सायन्स मॅडम" म्हणत, आणि हे संबोधन शेवटपर्यंत बदललं नाही. त्या टेबलापाशी बसून मी त्यांना जवळून पाहिलं.

त्यांच्याकडे नवी पोरगी आली की तिला आठवडेच्या आठवडे चेंडू मिळत नसे. ती धावायची आणि मॅडमनी टाळी दिली की जिथे असेल तिथे दोन्ही पायांवर थांबायची. धावायची, थांबायची. मग जागच्या जागी उडी मारून खाली यायचं, गुडघे वाकवून, पंजांवर, आवाज न करता. मग एक पाय रोवून दुसऱ्या पायाने वळायचं. हे सगळं अंगात मुरल्यावर चेंडू. पोरी कंटाळत, काही सोडून जात. पालक विचारत की मॅडम, पोरगी बास्केटबॉल खेळायला येते की कवायत करायला. मॅडम त्यांना कोर्टाच्या कडेला बसवून चहा पाजत आणि समजावत, "उडी तं मायबापानं देली तिले. उतरनं मातर शिकाच लागते. वर जाताना सारं जग पाहते, खाली येताना कोनी पाहत नाई. म्हून खाली येताना मी पाहतो." रंगात आल्या की त्या स्वतःबद्दल असं पुरुषासारखं बोलत, पोरी मागे हसत आणि मॅडमना ते ठाऊक असे.

दुसऱ्या शाळांचे शिक्षक तसं करत नसत. ते वर्गावर्गांतून फिरून उंच पोरी, उड्या मारणाऱ्या पोरी, धावण्यात पहिल्या येणाऱ्या पोरी वेचून काढत आणि महिनाभरात संघ उभा करत. त्यात चूक काही नव्हती, आणि पुष्कळदा ते जिंकतही. अमरावतीला विभागीय सामन्यांत आमच्या पोरींच्या डोक्यावरून समोरच्या पोरी चेंडू काढून नेत, तेव्हा आमचं सगळं थांबणं-वळणं त्यांच्या कोपरांखाली राहून जाई. परतीच्या गाडीत मॅडम मान्य करत की उंचीपुढे खोटं बोलता येत नाही. पण यवतमाळला एकदा एका भारी संघाशी सामना झाला. मध्यंतरापर्यंत आमचा धुव्वा उडाला होता. नंतर त्या धिप्पाड पोरी दमल्या, त्यांचे पाय सरकायला लागले, चेंडू हातातून निसटायला लागला, आणि आमच्या बुटक्या पोरी एकमेकींकडे चेंडू टाकत, थांबत, वळत एकेक गुण वर चढत गेल्या. सामना संपल्यावर त्या संघाचे सर हसून म्हणाले की मॅडम, तुमच्या पोरी खेळतात कमी आणि थांबतात जास्त. याहून मोठी शाबासकी आपल्याला कोणी दिली नाही, असं त्या पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिल्या.

वैशाली ही त्यांची सगळ्यात लाडकी पोरगी. तिचे वडील बाजार समितीत टेम्पो चालवायचे. आठवीत आली तेव्हाच ती अशी धावायची की चेंडू मागे राहील की काय असं वाटावं. बारावीपर्यंत ती संघाचा कणा झाली होती, म्हणजे बघणाऱ्यांच्या लेखी. मॅडमच्या लेखी ती अजून कच्ची होती, कारण तिला थांबता येत नव्हतं. ती हवेत शिरायची आणि मग काय करायचं ते हवेत ठरवायची. एका पायावर वेडीवाकडी उतरायची. पडायची, हसायची, उठायची. मॅडम तिला सगळ्यांत जास्त रागावत आणि सरावानंतर घरचं जेवण तिला खाऊ घालत.

त्या वर्षी विभागीय सामन्यांसाठी संघाची नावं लागली आणि त्यात वैशाली नव्हती. शाळेत गहजब झाला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं, संस्थेच्या एका सदस्याने फोन केला. मॅडमचं म्हणणं एकच, की या पायांनी ती त्या मोठ्या पोरींत गेली तर मोडून परत येईल. हे वर्ष तिने पाया पक्का करावा, पुढच्या वर्षी पुसदला कॉलेजच्या संघात तिला मी स्वतः घेऊन जाईन. वैशालीला त्यांनी हेच सांगितलं. मी तिथेच होते. वैशाली रडली नाही, भांडलीही नाही. "हाव मॅडम," म्हणाली, अंगातली जर्सी नीट घडी करून टेबलावर ठेवली आणि गेली. दिवाळीनंतर तिचं सरावाला येणं थांबलं. बारावीची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आर्णीकडच्या एका गावात तिचं लग्न झालं.

लग्नाला मॅडम गेल्या नाहीत. त्यांना आमंत्रणाची पत्रिका आली होती. पण त्याआधी भाजीबाजारात वैशालीच्या शेजारची कोणी बाई भेटली आणि बोलता बोलता म्हणून गेली की पोरगी अमरावतीला खेळली असती, सर्टिफिकेट मिळालं असतं, खेळाडूंच्या कोट्यातून कुठे चिकटली असती, तर बापाने एवढी घाई केली नसती. त्या बाईने हे सहज म्हटलं असेल. मॅडमच्या मनात मात्र ते बसलं ते बसलंच. पुढे एकदा आम्ही दोघी यवतमाळहून परत येत होतो. आर्णीला बस थांबली. बाहेर झाडाखाली वैशाली उभी होती, कडेवर मूल, शेजारी पिशव्या. मी तिला हाक मारणार, तोच मॅडमनी माझं मनगट धरलं, डोक्यावर पदर ओढला आणि बस सुटेपर्यंत दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. बस गावाबाहेर पडल्यावर म्हणाल्या, "माह्याच्यानं नाई पाह्यल्या जात तिच्याकडे."

त्यानंतर काही वर्षांनी पूनम राठोड आली. पुसद रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यावरून ती एसटीने शाळेत यायची. नववीतच तिची उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त होती. पहिल्याच दिवशी, शाळेचा गणवेश अंगावर असताना, तिने दोन पावलं धावून अशी उडी मारली की बोटं रिंगच्या जाळीला लागली. कोर्टावरच्या सगळ्या पोरी सराव सोडून बघायला लागल्या. मॅडमनी तिला पुन्हा मारायला लावली, आणि पुन्हा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत आधी चमक आली आणि मग भीती. माझ्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "पाह्यलं का, उतरताना तिचे गुडघे आत वळतात. एकमेकांकडे पाहतात."

पूनम खेळकर पोरगी होती. मॅडमची नक्कल त्यांच्यासमोर करायची, मराठी बोलता बोलता मध्येच तिची बंजाऱ्यांची गोरबोली यायची, आणि मॅडम तिच्याकडून एकेक शब्द शिकून घ्यायच्या. उडीचं कौतुक करून घ्यायला तिला आवडायचं, उतरण्याचा सराव करायला नाही. तरी वर्षभरात तिचे गुडघे बरेच सरळ पडायला लागले. बरेच, पण पूर्ण नाही. दमली की जुनी सवय परत येई. मॅडमचा हिशेब होता की अजून एक वर्ष, म्हणजे ते तिच्या हाडात जाईल.

तेवढ्यात अमरावतीच्या सामन्यांत एका मोठ्या शहरातल्या अकादमीच्या प्रशिक्षकांनी तिला पाहिलं आणि ते थेट दिग्रसला आले. माणूस वाईट नव्हता, उथळही नव्हता. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी अगदी नम्रपणे मांडलं की उंची आणि उडी कोणी शिकवू शकत नाही, बाकीचं सगळं शिकवता येतं. पोरगी आत्ता आली तर वरच्या दर्जाच्या पोरींबरोबर खेळून आपोआप तयार होईल. वर्षभराने तिचं वय पुढे जाईल, जागा दुसरीला जाईल. राहणं, खाणं, शिक्षण, सगळं अकादमी बघणार होती. मॅडमनी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडे त्याचेही व्यायाम आहेत. दोघंही आपापल्या जागी बरोबर बोलत होते असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं.

पूनमचे वडील शेती करायचे. दुसऱ्या दिवशी ते तांड्यावरून आले आणि टोपी हातात घेऊन खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांचं म्हणणं साधं होतं. आम्हाला यातलं कळत नाही, पोरगी तर जायचं म्हणून नाचते आहे, तिची याडी, म्हणजे आई, रडते आहे. तुम्ही तिच्या आईच्या जागी आहात, तुम्ही सांगाल तसं. मॅडमनी त्यांच्याकडे एक रात्र मागून घेतली. सकाळी मी कोर्टावर गेले तेव्हा पोरी यायच्या होत्या आणि मॅडम एकट्याच झाडत होत्या. खराटा न थांबवता म्हणाल्या की पूनमला पाठवायचं ठरवलं. मी विचारलं, तुम्हाला पटलं का. त्यावर त्या थांबल्या.

"नाई पटलं. पन एकीले थांबवलं तं काय झालं ते मी पाह्यलं. तिचं सारं आयुष्य माह्या एका नाईनं बदललं. आता माह्यात हिंमत नाई, सायन्स मॅडम. मी आता कोनाले थांब म्हनू शकत नाई."

पूनम गेली. पुढचे काही महिने गावाने तिला डोक्यावर घेतलं. तिच्या उड्यांचे व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागले. चहाच्या टपरीवर, बँकेत, कोणीही मॅडमना थांबवून अभिनंदन करायचं. मॅडम हसून मान हलवत. स्टाफरूममध्ये त्या तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत आणि चष्मा वर करून स्क्रीन डोळ्यांजवळ नेत. मला आधी वाटलं की कौतुकाने बघतात. मग लक्षात आलं की ज्या क्षणी सगळे टाळ्या वाजवतात त्या क्षणी त्या बघतच नव्हत्या. त्या पुढचा क्षण बघत होत्या, पण चित्रीकरण नेमकं तिथे तुटायचं. पूनमचा फोन आला की त्या विचारत, किती सामने झाले, झोप होते का, उतरण्याचा सराव कोणी घेतं का. पूनम सांगायची की घेतात, पण सामने इतके आहेत की वेळ मिळत नाही. आणि लगेच दुसरं काहीतरी हसत सांगायला लागायची.

हिवाळ्यात एका सामन्यात रिबाउंडसाठी, रिंगला आपटून परतणारा चेंडू पकडायला, ती सगळ्यांच्या वर गेली, चेंडू तिने धरलाही, आणि एका पायावर खाली आली. गुडघा आत वळला. आतलं लिगामेंट तुटलं आणि सोबत आणखीही काही फाटलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या वडिलांबरोबर मॅडमच त्या शहरात गेल्या, शस्त्रक्रियेच्या वेळी बाहेर बसून राहिल्या आणि तिला गाडीतून घरी घेऊन आल्या. अकादमीने उपचाराचं सगळं पाहिलं. प्रशिक्षकांनी स्वतः मॅडमना फोन केला आणि बराच वेळ बोलले. काय बोलले ते मॅडमनी कधी सांगितलं नाही. त्यांच्याविषयी वाईट मात्र एक शब्दही बोलल्या नाहीत.

मग दर रविवारी मॅडम पुसदची एसटी धरून तांड्यावर जात. एकदा मीही गेले. घरासमोरच्या अंगणात पूनम खाटेवर बसायची आणि मॅडम जमिनीवर बसून तिचा पाय हातात घ्यायच्या, हळूहळू वाकवायच्या, सरळ करायच्या. तिची आई भाकरी थापता थापता दारातून बघत राहायची. पूनम पहिल्यासारखी बोलत नव्हती. त्या दिवशी तिने विचारलं, तेही पायाकडे बघतच, "मॅडम, एक वर्ष थांबली असती तं वाचली असती का मी?"

मला वाटलं मॅडम काहीतरी समजूत घालतील. मी असते तर घातली असती.

"माहीत नाई, बेटा," त्या म्हणाल्या. "नीट शिकलेल्या पोट्ट्यायी पडतात. मी पाह्यल्या आहेत. पन मले पटलं नव्हतं अन् तरी मी तुले जा म्हनलं. ते माह्यं आहे. ते तू आपल्या आंगावर घेऊ नोको."

दारातून तिची आई उठून आली, मॅडमच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसली.

पूनम चालायला लागली, नंतर धावायलाही. पण स्पर्धेत परत उतरली नाही. ती आता पुसदला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जिना उतरताना कठड्याला हात लावते आणि मांडी घालून बसत नाही, एवढंच बघणाऱ्याला दिसतं. मध्ये ती एकदा माझ्याकडे आली होती. तेव्हा तिने सांगितलं की पडल्याचं तिला आता फारसं वाटत नाही. "मॅडम मले पहिल्यासारख्या रागावतच नाई आता," ती म्हणाली. "नुसत्या चांगल्या वागतात. मले ते पाहवत नाई."

ते खरं होतं. मॅडम शिकवत राहिल्या, पण आवाज खाली आला. पूर्वी त्या पोरींना हुकूम सोडत, आता विचारत, तुले काय वाटते. नवी उंच पोरगी दारात उभी राहिली की त्या तिला तालुक्यातल्या दुसऱ्या शिक्षकांकडे पाठवून देत. म्हणत, आपल्याकडे आता बारकाल्या पोरीच बऱ्या. संघ कुठे पाठवायचा, कोणाला घ्यायचं, हे त्या मुख्याध्यापकांवर सोडत. मी एकदा स्पष्टच म्हटलं की तुमची शिकवण खोटी ठरली नाही, उलट खरी ठरली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढायचं मला धाडस झालं नाही. स्वतःचं म्हणणं खरं ठरावं म्हणून कोणाचा गुडघा मोडायला नको होता, एवढंच त्या म्हणाल्या.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना त्यांना पोटाचा आजार निघाला. नागपूरला उपचार झाले, अंगातली ताकद गेली, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. विहाराच्या मागच्या त्या घरात मी शाळा सुटल्यावर जाऊन बसायची. पूनम सुटीला आली की तिथेच मुक्काम करायची, औषधं तीच द्यायची, उशा तीच बदलायची. मॅडम तिच्याकडून सगळं निमूट करून घेत. एका दुपारी पूनम बाहेर गेली असताना त्यांनी वैशालीचं नाव काढलं. म्हणाल्या की तिला एकदा भेटायचं मनात होतं, पण मी कोणत्या तोंडाने जाणार होते. मी म्हटलं, आत्ता निरोप पाठवते, आर्णी काही लांब नाही. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

"नोको. तिचा संसार तिनं मांडला आहे. मी कायले जाऊन तिले आठवन करून देऊ का मी तुह्यं वाटोळं केलं म्हून. मरताना आपलं मन हलकं कराले दुसऱ्याले रडवाचं नाई."

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. कापसाचा हंगाम संपत आला होता, जिनिंग अजून चालू होती. अंत्ययात्रेला शाळेतल्या पोरी पांढऱ्या ओढण्या घेऊन आल्या होत्या, आणि आयुष्यात कधीतरी त्यांच्या टाळीवर थांबलेल्या कितीतरी बायका आल्या होत्या. कोणी शिक्षिका, कोणी दुकान चालवणारी, कोणी शेतातून तशीच उठून आलेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला. त्रिसरण, पंचशील झालं, काही जणी बोलल्या. पूनमला खाली बसता येत नाही म्हणून ती भिंतीशी खुर्चीवर होती, मांडीवर मॅडमच्या भावाची नात. कार्यक्रम संपल्यावर लोक जेवायला बाहेर पडू लागले, तेव्हा दाराशी एक बाई घुटमळताना दिसली. अंगाने भरलेली, हातात पांढऱ्या शेवंतीची पुडी. मी ओळखलं नाही. ती म्हणाली की मी वैशाली, आर्णीहून आले, बस उशिरा मिळाली.

मी तिला आत नेलं. तिने मॅडमच्या फोटोला फुलं वाहिली आणि माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसली. मग तिने स्वतःच बोलायला सुरुवात केली. तिला बरीच वर्षं मॅडमना भेटायचं होतं, पण भीती वाटायची. आपण मध्येच सोडून गेलो, सांगितलंही नाही, त्यामुळे मॅडम रागावल्या असणार. लग्नालाही त्या आल्या नाहीत, तेव्हा तिची खात्रीच झाली. मी विचारलं की अमरावतीच्या संघात तुला घेतलं नव्हतं, त्याचं तुला वाईट वाटलं असेल ना.

वैशाली जरा गोंधळली. मग आठवून हसली.

"नाई वं मॅडम. त्याच्या आधीच पोळ्याच्या वख्ती बाबांनं माह्यं ठरवून टाकलं होतं. तिकडच्या लोकायले शब्द देल्ला होता. मले घरून सांगितलं होतं का आता बाहेरगावी खेळाले जाचं नाई, फक्त परीक्षा द्याची. मले मॅडमले हे सांगाचं होतं अन् तोंड उघडत नव्हतं. संघात नाव आलं असतं तं मले नाई म्हना लागलं असतं, त्यायच्या तोंडावर. नाव नाई आलं तं मले सुटल्यावानी झालं."

समोर भिंतीशी पूनम त्या पोरीला टाळ्या वाजवून खेळवत होती. आमचं बोलणं तिच्यापर्यंत जात नव्हतं. वैशाली तिच्या संसाराचं सांगत राहिली. नवरा चांगला आहे, शिलाईचं दुकान टाकलं आहे, धाकटी पोरगी शाळेत धावते. मी मान हलवत होते. जे नव्हतंच त्याच्यासाठी एक बाई इतकी वर्षं खिडकीतून तोंड फिरवत राहिली होती, आणि त्यापायीच तिने एका पोरीला जा म्हटलं होतं. हे आता कोणाला सांगायचं होतं? जिला सांगायला हवं होतं ती फोटोत होती.

बाहेरून कोणीतरी वैशालीला हाक मारली की आर्णीची शेवटची बस लागली आहे. ती उठली, पदर सावरला, दोन पावलं गेली आणि परत वळली.

"मॅडमले माही आठवन होती का?" तिने विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

तिचे डोळे भरून आले. पण चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. फार बरं वाटलं ऐकून, असं ती म्हणाली, माझ्या पायांना हात लावला आणि बस चुकू नये म्हणून घाईघाईने पायऱ्या उतरून गेली.